येथे

बर्लिनचा कागद मार्चच्या एका रात्री जळाला, बॉम्बखाली.
झाड जळालं नाही. झाड इथेच होतं,
लोलोदोर्फच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठी,
ठेंगणं, खोडालाच फुलं फुटणारं.
जळालं ते नावाचं दावं.
मग ऐंशी वर्षं ते नाव
पुस्तकापुस्तकांतून मोकाट हिंडलं,
कधी या पानावर चरलं, कधी त्या,
कधी भलत्याच झाडाच्या कुंपणात शिरलं
आणि कुणी हाकललंही नाही.

हे मला डॉक्टर पेलाजी म्बेझेलेंनी सांगितलं.
मी ओंदुआ. याउंदेच्या हर्बेरियममध्ये
डिंक लावतो, सुतानं देठ टाचतो,
कपाटांत डांबराच्या गोळ्या बदलतो.
मला वाटायचं, ज्याला नमुना म्हणतात
तो त्या जातीतला सगळ्यांत देखणा असणार,
वर्गातल्या पहिल्या नंबरासारखा.
त्या हसल्या. म्हणाल्या,
आदर्श नव्हे रे. खुंटी.
खुंटीला कोण रूप विचारतं?

जगात तीन कागद उरले होते,
त्याच झाडाचे, म्हणे त्याच दिवशीचे.
ब्रसेल्सचा: पानंच पानं, फूल नाही.
जिनिव्हाचा: फूल, फळ, सगळं जागच्या जागी,
पण तारखेतला आकडा सात की एक
ते भिंगाखालीही ठरेना.
आणि तिसरा आमच्याकडे,
कुणीतरी कधीतरी परत पाठवलेल्या गठ्ठ्यात,
दोऱ्याची गाठसुद्धा न सुटलेला.
अर्धं पान कसरीनं खाल्लेलं.
पाकिटात एक फूल, सुकून लवंगेएवढं.
शाईत गॉटहोल्ड रीमश्नायडर, क्रमांक, उंची, १९०४.
आणि उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं
एकच शब्द.
शाईचा हात तो नव्हे.

साहेब ओढा उतरला असेल का, कोण जाणे.
उतरला तो दुसराच कुणी,
ज्याचं नाव कुठल्याच यादीत नाही.
झाडाच्या नावाला मात्र षष्ठीचं शेपूट:
रीमश्नायडरचे.
बारसं झालं ते झालं, आता ते बदलत नाही.
नावं मात्र ठेवता येतात,
आणि मी ती ठेवतो, डिंक ढवळताना, मनातल्या मनात.

बाईंनी तो शब्द लोलोदोर्फला नेला, फोटो काढून.
ग्वासियो बोलणाऱ्या एका म्हातारीनं
फोन डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ.
"इथे," म्हणाली. मग म्हणाली,
"किंवा 'हे घे'. अक्षर पुसट आहे बाई,
आणि आम्ही आता असं लिहीत नाही."

नियम असा, की नुसतं 'निवडला' म्हणून भागत नाही.
'येथे नेमला' असं छापावंच लागतं,
नाहीतर नेमणूक फुकट.
येथे म्हणजे या निबंधात, या ओळीत.
ओढ्याचा त्याच्याशी संबंध नाही.

परीक्षकानं विचारलं, जिनिव्हाचा का नको?
बाईंनी उत्तर दिलं: तारखेचा संशय.
एवढंच. पेन्सिलीबद्दल अवाक्षर नाही.
मी विचारलं, तेवढंच कारण?
त्या म्हणाल्या, छापण्यापुरतं तेवढंच.

काल कागद माझ्या टेबलावर आला,
लाल घडीत जायला.
सुटलेलं पान मी पट्टीनं बसवलं.
कसरीनं खाल्लेली जागा भरली नाही,
आता ते भोकही नावात धरायचं.
नेमणुकीची चिठ्ठी उजव्या कोपऱ्यात चिकटवायची,
आमच्याकडची तीच रीत, बावीस वर्षं मी तीच पाळली.
बोटावर डिंक घेऊन मी थोडा वेळ बसलो.
मग चिठ्ठी डावीकडे लावली,
जरा तिरकीच बसली.

बाईंनी पाहिलं.
चश्मा काढला, पुसला,
आणि कपाटाची किल्ली माझ्यापुढे सरकवली.